माजी सैनिकांच्या संस्था आणि सरकारी कंत्राटे : वाट कुठून जाते?

नवी मुंबई, खास प्रतिनिधी : शाळेच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि उद्यानापासून गोदामापर्यंत नवी मुंबईत जागोजागी खाकी किंवा निळ्या गणवेशातील रक्षक उभा दिसतो. त्याच्या छातीवरील पट्टीवर एका एजन्सीचे नाव असते, हजेरीपट दुसऱ्याच कार्यालयात असतो आणि पगाराचा पैसा तिसऱ्याच तिजोरीतून निघतो. हा रक्षक अनेकदा माजी सैनिक असतो. वयाच्या पस्तिशी-चाळिशीत लष्करातून बाहेर पडलेला, मुलांची शिक्षणे अर्धी राहिलेली आणि निवृत्तिवेतनावर घर पुरेसे चालत नसल्याने पुन्हा गणवेश चढवलेला. अशा माणसांसाठी काम करणाऱ्या सेवाभावी संघटनांना सरकारी कंत्राट मिळू शकते का, मिळाले तर ते कोणत्या वाटेने आणि त्यातून त्या रक्षकाच्या हाती काय पडते, हे प्रश्न वरवर कागदी वाटले तरी हजारो कुटुंबांच्या दरमहाच्या हिशेबाशी जोडलेले आहेत.

देशात दरवर्षी सुमारे ६० हजार सैनिक सेवेतून निवृत्त किंवा मुक्त होतात. लष्कर तरुण राहावे म्हणून शिपायाला लवकर निवृत्त केले जाते. महाराष्ट्रात साताऱ्यातील अपशिंगे मिलिटरी किंवा महाडजवळील फौजी आंबवडे यांसारखी गावे पिढ्यान् पिढ्या सैन्यात मुले धाडत आली आहेत. निवृत्तीनंतर मात्र गावात शेतीचा तुकडा आणि हाती निवृत्तिवेतन एवढेच उरते. मग मुंबई, ठाणे, पनवेलची वाट धरली जाते.

आरक्षण कायम नोकरीत, भरती कंत्राटी

राज्य शासनाच्या सेवेत गट ‘क’ आणि गट ‘ड’ मधील पदांवर माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. कागदावर हा आकडा समाधानकारक दिसतो. मात्र पहारेकरी, शिपाई, वाहनचालक, माळी ही कामे गेल्या दोन-तीन दशकांत टप्प्याटप्प्याने बाहेरच्या संस्थांकडे गेली. पद कायम राहिले नाही की त्यावरील आरक्षणही उरत नाही. कंत्राटदाराने कोणाला कामावर ठेवावे, हे मग सेवाप्रवेश नियम ठरवीत नाहीत. ते निविदेतील अटी ठरवतात.

म्हणूनच माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न आज निविदेच्या कागदपत्रांत येऊन ठेपला आहे. पूर्वी ‘किती जागा राखीव?’ असे विचारले जाई. आता ‘कंत्राटात किती माजी सैनिक, कोणत्या दराने?’ असे विचारावे लागते.

सरकारी कामाची तीन दारे

पहिले दार राज्य शासनाचे. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ मर्यादित, म्हणजेच ‘मेस्को’, हा राज्य शासनाचा उपक्रम २००२ मध्ये स्थापन झाला. त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. शासकीय व निमशासकीय कार्यालये, मंडळे आणि प्रकल्पांना सुरक्षा रक्षक, चालक, तांत्रिक मनुष्यबळ पुरवणे आणि त्यातून माजी सैनिकांना रोजगार देणे, असा त्याचा दुहेरी हेतू आहे. कार्यालय मागणी नोंदवते, महामंडळ आपल्याकडे नोंदलेले माजी सैनिक पाठवते. रक्षकाला थेट एखाद्या खासगी मालकाच्या दारात उभे राहावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

दुसरे दार केंद्राचे. संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली पुनर्वसन महासंचालनालय काम करते. ‘डीजीआर’ या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. माजी सैनिकांच्या मालकीच्या सुरक्षा एजन्सी आणि राज्यांची माजी सैनिक महामंडळे यांची सूची हे महासंचालनालय ठेवते. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमाने रक्षकांची मागणी केली की सूचीतील एजन्सींची नावे पाळीपाळीने पुरस्कृत केली जातात. रक्षकाच्या वेतनाचा दर केंद्रीय किमान वेतनाला जोडलेला असतो. २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा एजन्सीने किमान ९० टक्के माजी सैनिक नेमणे अपेक्षित आहे. एजन्सी मालकाने स्वतः चालवावी, ती दुसऱ्याच्या हाती सोपवू नये, हीही अट आहे. कोळसा खाणींतील भरणी व वाहतुकीसाठीही याच महासंचालनालयामार्फत माजी सैनिकांच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याशी वीरपत्नी व अपंगत्व आलेल्या जवानांना जोडून घेण्यात आले.

तिसरे दार खुल्या स्पर्धेचे. राज्य शासन व स्थानिक संस्था ‘महाटेंडर्स’ या संकेतस्थळावर, तर केंद्रीय कार्यालये २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या शासकीय ई-बाजारपेठेवर निविदा काढतात. येथे माजी सैनिक असणे ही आपोआप जमेची बाजू ठरत नाही. सूक्ष्म व लघुउद्योगांकडून केंद्रीय मंत्रालये आणि उपक्रमांनी वार्षिक खरेदीच्या २५ टक्के खरेदी करावी, असे केंद्राचे धोरण आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी चार टक्के आणि महिला उद्योजकांसाठी तीन टक्के वाटा आहे. माजी सैनिकांसाठी मात्र त्यात वेगळा वाटा नाही. लघुउद्योग म्हणून नोंदणी केलेल्या माजी सैनिकांच्या कंपनीला किंवा सहकारी संस्थेला बयाणा रकमेतून सूट मिळू शकते. पुढची लढत इतरांच्या बरोबरीचीच.

एकाच शहरात चार प्रकारचे ग्राहक

नवी मुंबईचे वैशिष्ट्य असे, की हे सारे ग्राहक येथे काही किलोमीटरच्या परिघात सापडतात. १९७० मध्ये स्थापन झालेली सिडको आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एमआयडीसी ही राज्याची महामंडळे. १९९२ पासून कार्यरत असलेली नवी मुंबई महापालिका आणि २०१६ मध्ये अस्तित्वात आलेली पनवेल महापालिका या स्थानिक संस्था. बेलापूर येथे मुख्यालय असलेली कोकण रेल्वे व भारतीय कापूस महामंडळ, तसेच १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर हे केंद्राशी संबंधित. त्याखेरीज कारखाने, माहिती तंत्रज्ञान संकुले, गोदामे आणि गृहनिर्माण संस्था हे खासगी ग्राहक. २०२५ च्या अखेरीस नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यानंतर या परिसरातील गोदामे, वाहनतळ व हॉटेले यांची मनुष्यबळाची गरज वाढतीच राहणार आहे.

ग्राहक चार प्रकारचे, म्हणून नियमही चार तऱ्हेचे. त्यात आणखी एक स्थानिक गुंता आहे. ऐरोली ते बेलापूर हा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कळंबोली, पनवेल, उलवे, उरण हा भाग रायगड जिल्ह्यात मोडतो. त्यामुळे नेरुळच्या माजी सैनिकाचे काम ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, तर खारघरच्या माजी सैनिकाचे अलिबागच्या. ओळखपत्र आणि रोजगार नोंदणीची सुरुवात याच कार्यालयातून होत असल्याने आपला जिल्हा कोणता, हे आधी पाहून घ्यावे लागते.

सुरक्षा सेवेला राज्याचा एक स्वतंत्र कायदाही लागू आहे. १९८१ च्या महाराष्ट्र खासगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियमानुसार सुरक्षा रक्षक मंडळे रक्षकांची नोंदणी करतात व त्यांना आस्थापनांकडे पाठवतात. बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यांसाठी असे मंडळ आहे. खासगी एजन्सीला आपले रक्षक ठेवायचे असतील तर त्यांना मंडळाइतके लाभ मिळत असल्याचे दाखवून शासनाकडून सूट घ्यावी लागते. शिवाय २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर, २०१० च्या कायद्याने महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ उभे राहिले. म्हणजे सरकारी फाटकावरील एका जागेसाठी मेस्को, मंडळ, राज्य सुरक्षा महामंडळ आणि खासगी एजन्सी असे चौघे दावेदार असू शकतात.

सेवाभावी संस्था नेमकी कुठे बसते?

माजी सैनिकांच्या कल्याणासाठी काम करणाऱ्या बहुतेक संघटना सार्वजनिक न्यास किंवा सोसायटी म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. ‘आम्ही सैनिकांची संस्था आहोत, मग कंत्राट आम्हाला का नाही?’ असा प्रश्न त्यांच्या सभांतून वारंवार उपस्थित होतो. कंत्राटाचा कायदा संस्थेचा हेतू पाहत नाही. तो तिची कायदेशीर पात्रता पाहतो, हे त्याचे उत्तर आहे.

सुरक्षा रक्षक पुरवायचे तर खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ खालील परवाना हवा. याच कायद्यात रक्षक नेमताना माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची तरतूद आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत सामान्य उमेदवारासाठी किमान २० दिवसांचे, तर माजी सैनिकासाठी सात दिवसांचे संक्षिप्त प्रशिक्षण सांगितले आहे. त्यापुढे भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, वस्तू व सेवा कर आणि कामगार कायद्यांखालील नोंदणी आलीच. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याने जुन्या निविदांच्या नमुन्यांतील कायद्यांची नावेही बदलली आहेत. निविदेत बहुधा मागील काही वर्षांची उलाढाल व तशाच कामाचा अनुभव मागितला जातो. वर्षभर स्मृतिदिन, आरोग्य शिबिरे आणि निवृत्तिवेतनाची प्रकरणे पाहणाऱ्या संघटनेकडे हा अनुभव नसतो.

दुसरा अडसर प्राप्तिकराचा. सर्वसाधारण लोकोपयोगी उद्देशासाठी स्थापन झालेल्या न्यासाने व्यापारी स्वरूपाचे काम केले, तर त्यातून येणारी रक्कम एकूण जमेच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. ती मर्यादा ओलांडली तर त्या वर्षाची करसवलत धोक्यात येते. एक मोठे कंत्राट मिळाले आणि त्यापायी देणग्यांवरील सवलत गेली, अशी स्थिती ओढवू शकते. त्यामुळे अनुभवी संस्था न्यास आणि व्यवसाय यांची गल्लत करीत नाहीत. कल्याणाचे काम न्यासाकडे ठेवून कंत्राटासाठी सभासद माजी सैनिकांची सहकारी संस्था किंवा कंपनी स्वतंत्रपणे नोंदवणे हा सरळ मार्ग ठरतो. दोन्हींचे बँक खाते, लेखापरीक्षण आणि शक्यतो पदाधिकारीही वेगळे असावेत.

सहकाराच्या या वाटेला महाराष्ट्रात पूर्वपीठिका आहे. शासनाच्या बांधकामांत ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांचा वाटा मजूर सहकारी संस्था व सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी राखून ठेवण्याची पद्धत येथे जुनी आहे. तिच्यातून अनेकांना काम मिळाले. त्याचबरोबर मजूर नसलेलेच मजूर संस्थांचे सभासद झाल्याच्या तक्रारीही झाल्या. माजी सैनिकांच्या संस्थांसाठी असा वाटा मागताना हा अनुभव डोळ्यांआड करून चालणार नाही.

एका चौकीचे गणित

कंत्राट मिळाले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. एका फाटकावर २४ तास पहारा ठेवायचा तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. आठवड्याला ४८ तास काम करणारा रक्षक धरला, तर एका चौकीला साडेतीन माणसे लागतात : तीन पाळ्यांचे तिघे आणि साप्ताहिक सुट्टीसाठी अर्धा बदली रक्षक. दहा चौक्यांना ३५ माणसे झाली. वेतन, भविष्य निर्वाह निधी, विमा, बोनस, रजा मिळून एका रक्षकाचा मासिक खर्च केवळ हिशेबापुरता २५ हजार रुपये धरला, तर दरमहा ८ लाख ७५ हजार रुपये लागतात.

हेच काम बारा-बारा तासांच्या पाळीत, सुट्टीविना २० माणसांत उरकले तर खर्च पाच लाखांवर येतो. निविदेत सर्वांत कमी बोली लावणारा अनेकदा याच फरकावर जिंकतो. पावणेचार लाखांची ही ‘बचत’ प्रत्यक्षात रक्षकाच्या विश्रांतीतून आणि जादा कामाच्या बुडवलेल्या दुप्पट मोबदल्यातून आलेली असते. निविदेत चौक्यांची संख्या लिहिली पण माणसांची व पाळ्यांची लिहिली नाही, तर नियमाने वागणारी संस्था पहिल्याच फेरीत बाद होते.

सेवाशुल्काचेही तसेच. वरील उदाहरणात पाच टक्के सेवाशुल्क म्हणजे ४३ हजार ७५० रुपये. त्यातून पर्यवेक्षकाच्या फेऱ्या, गणवेश, प्रशिक्षण, हिशेबनीस आणि लेखापरीक्षण भागवता येते. एक टक्का म्हणजे ८ हजार ७५० रुपये. त्यात एका कारकुनाचाही पगार निघत नाही. तरीही शून्याच्या जवळ जाणाऱ्या बोली लागत, तेव्हा तूट कुठून भरून निघत असे, हे उघड आहे. केंद्रीय वित्त मंत्रालयाने २०२३ मध्ये मनुष्यबळ पुरवठ्याच्या निविदांत किमान सेवाशुल्काची सूचना केली, ती याच पार्श्वभूमीवर.

तिसरा फटका थकलेल्या देयकांचा. पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि भविष्य निर्वाह निधी १५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. सरकारी देयक मात्र तीन महिने रखडू शकते. वरील हिशेबाने २६ लाख २५ हजार रुपये संस्थेच्या गाठीशी हवेत. वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेला हे झेपत नाही आणि मग एखादा सावकार किंवा ‘भागीदार’ पुढे येतो. नाव माजी सैनिकांचे आणि धंदा दुसऱ्याचा, या प्रकाराची सुरुवात बहुधा येथेच होते. नोंदणीकृत सूक्ष्म व लघुउद्योगांचे देयक ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे. आपल्या लघुउद्योग नोंदणीचा हा खरा उपयोग संस्थांनी ओळखायला हवा.

कंत्राटाव्यतिरिक्तचा निधी

ज्या संस्थांना मनुष्यबळ पुरवण्याच्या व्यवसायात उतरायचे नाही, त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आहे. कंपनी अधिनियम, २०१३ मधील सामाजिक दायित्व निधीच्या यादीत माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठीच्या उपक्रमांचा स्पष्ट उल्लेख आहे. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल एक हजार कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपये यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. संगणक प्रशिक्षण, अवजड वाहनचालकाचा परवाना, वीरपत्नींसाठी व्यवसाय, मुलांची वसतिगृहे ही कामे त्यात बसतात. त्यासाठी संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. ही अट एप्रिल २०२१ पासून लागू आहे. प्राप्तिकर खात्याकडील धर्मादाय नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभवही सर्वसाधारणपणे लागतो. ठाणे-बेलापूर पट्टा आणि तळोजा यांसारखे औद्योगिक शेजार लाभलेल्या नवी मुंबईतील संस्थांना हे दार अधिक जवळचे आहे.

अमेरिकेचा धडा

परदेशातील उदाहरण द्यायचे तर अमेरिकेचे दिले जाते. तेथे सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या लघुउद्योगांना संघराज्य सरकारच्या कंत्राटांचा तीन टक्के वाटा मिळावा, असे उद्दिष्ट १९९९ च्या कायद्याने ठरले. २०२४ या वित्तीय वर्षापासून ते पाच टक्के करण्यात आले. मात्र तेथेही हा वाटा सेवाभावी संस्थांना मिळत नाही. उद्योगाची किमान ५१ टक्के मालकी आणि प्रत्यक्ष कारभार माजी सैनिकाच्या हाती असावा लागतो. सेवाभावी संस्थांना बेघर माजी सैनिकांना रोजगार मिळवून देण्यासारख्या कामांसाठी स्वतंत्र अनुदाने दिली जातात. माजी सैनिकाचे केवळ नाव वापरून कंत्राटे लाटल्याची प्रकरणे तेथेही गाजली. अखेर ‘आम्ही माजी सैनिक आहोत’ हे स्वतःच लिहून देण्याची मुभा काढून घेऊन सरकारी प्रमाणपत्र सक्तीचे करण्यात आले.

पुढचा प्रश्न अग्निवीरांचा

२०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. त्यांपैकी कमाल २५ टक्के जवानांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. उरलेले तरुण निवृत्तिवेतनाविना बाहेर पडतील आणि मूळ योजनेनुसार त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही. निविदेत केवळ ‘माजी सैनिक’ असा शब्द असेल तर प्रशिक्षित आणि पंचविशीतील हे तरुण त्या अटीबाहेर राहतील. मनुष्यबळ घेणाऱ्या संस्थांना आपल्या अटींची भाषा त्यापूर्वीच तपासावी लागेल.

कंत्राट कोणाच्या नावावर, यापेक्षा अटींत काय लिहिले आहे, यावर रक्षकाचे भवितव्य ठरते. माणसांची संख्या आणि पाळ्या स्पष्ट असाव्यात. माजी सैनिकांचे किमान प्रमाण नमूद असावे व ते सैनिक कल्याण कार्यालयाच्या ओळखपत्रावरून तपासले जावे. वेतन थेट बँक खात्यात जावे, निधीच्या भरण्याची पावती जोडल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये आणि मंजूर देयक वेळेत चुकते व्हावे. यांपैकी कोणत्याही अटीसाठी नवा कायदा लागत नाही. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी अंतिमतः मुख्य मालकावर येते, हेही कायद्यात आहेच.

हा नियम केवळ सिडको, महापालिका किंवा बंदरालाच लागू होतो असे नाही. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत सर्वांत स्वस्त एजन्सीच्या दरपत्रकाला हात वर करून मंजुरी देणारे सभासदही असेच एक कंत्राट देत असतात. त्या दरात फाटकावरच्या माणसाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळते का, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळसा हिशेब स्वच्छ होईल.